सायकलला लायसन्स नाही, पण कायदा आहे
(कम्युनिटी रेडिओवरील भाषण)

आजचा विषय रस्त्याचा आहे. आपल्यातल्या ज्या बाया आणि ज्या लेकी सायकल मारत कोल्हापुरात येतात, त्यांच्यासाठी तो आहे. वडणगे, आंबेवाडी, बालिंगा, कळंबा, उचगाव, शिरोली, कुठल्याही बाजूचं गाव घ्या. कुणाच्या कॅरेजला माळव्याची बुट्टी असते, कुणाच्या हँडलला दुधाची किटली. कुणी धुणीभांड्याच्या कामाला निघालेली असते, कुणी कॉलेजला. एसटीची वाट बघायला नको, रिक्षाला पैसे नकोत, म्हणून सायकल. ती आपली हक्काची गाडी आहे.

हा विषय का घेतला ते आधी सांगते. मागच्या गळीत हंगामात आमच्या गटातल्या एक ताई संध्याकाळी शहरातून घरी येत होत्या. दिवस बुडाला होता. त्या रस्त्याच्या डाव्या बाजूनंच चालल्या होत्या. उसाची डबल ट्रॉली शेजारून पुढे गेली, डावीकडच्या रस्त्याला वळली आणि मागच्या ट्रॉलीचा धक्का लागून ताई खाली पडल्या. हात मोडला. ट्रॅक्टरवाला थांबला, माणसं जमली. "मिटवून टाका," सगळे म्हणाले. तीन हजार रुपये हातावर ठेवले आणि विषय संपला. पुढं हाताचं ऑपरेशन झालं, चाळीस हजारांच्या वर खर्च आला आणि त्यासाठी ताईंनी गटातून कर्ज घेतलं. ते अजून फिटतंय.

आता खरं सांगते. "मिटवून टाका" म्हणणाऱ्यांत मीही होते. "सायकलवर होती, सायकलला ना लायसन्स ना इन्शुरन्स, तिची कसली आलीय तक्रार?" असं मला वाटलं होतं. ते चूक होतं. नंतर माहिती घेतली तेव्हा कळलं की त्या दिवशी ताईंना कायद्यानं बरंच काही मिळालं असतं. आपल्याला माहीतच नव्हतं. म्हणून हे भाषण.

कायदा काय म्हणतो

पहिली गोष्ट. सायकल म्हणजे मोटार वाहन नव्हे. 1988 चा मोटार वाहन कायदा आहे, त्यातलं लायसन्स, नंबरप्लेट, विमा, पीयूसी यातलं काहीही पायानं चालवायच्या सायकलला लागत नाही. कुणी मागितलं तर घाबरू नका. पूर्वी बऱ्याच गावांत सायकलीवर कर असायचा आणि पत्र्याचा बिल्ला लावावा लागायचा. आपल्या आजोबांच्या सायकलीला तो असेल. तो कर भरल्याचा बिल्ला होता, लायसन्स नव्हे.

बॅटरीच्या सायकलीबद्दल बाया विचारतात. मोटरची ताकद 250 वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर अशा गाडीला लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. त्याच्या वर गेली की ती मोटार वाहन झाली. घेताना दुकानदाराकडून हे कागदावर लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, आणि इथंच आपली गफलत होते. लायसन्स नाही म्हणजे नियम नाहीत असं नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा 1951 चा आहे. त्यात वाहन कशाला म्हणायचं हे सांगताना सायकलीचंही नाव घेतलंय. रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालायचं, त्याच दिशेला जाणाऱ्या गाडीला ओलांडायचं तर तिच्या उजव्या बाजूनं, हे त्या कायद्यानं आपल्यालाही लागू आहे. वाहनाला दिवे किती आणि कधी लावायचे याचे नियम करण्याचा अधिकारही त्याच कायद्यात आहे. जुनी माणसं सांगतात बघा, रात्री दिव्याविना सायकल दिसली की पोलीस हवा सोडायचा. हवा सोडणं कायद्यात नव्हतं, पण दिव्याचा नियम होता.

आणि भारतीय न्याय संहिता, जी 1 जुलै 2024 पासून लागू झाली, तिचं कलम 281 सांगतं की सार्वजनिक रस्त्यावर कुठलंही वाहन दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं बेदरकारपणे चालवणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "कुठलंही वाहन" म्हटल्यावर सायकलही त्यात आली. उताराला ब्रेक न लावता सायकल सोडली आणि म्हातारं माणूस पाडलं, तर जबाबदारी आपली.

म्हणजे रस्ता आपलाही आहे आणि रस्त्याची जबाबदारीही आपली आहे. आपण नियमानं चाललो असलो की अपघातानंतर आपली बाजू बळकट राहते. उलट्या बाजूनं किंवा दिव्याविना चाललो असलो, तर समोरच्याचा वकील म्हणतो, "चूक यांचीही होती," आणि भरपाई कमी होऊ शकते.

रोजचे नियम

डावी बाजू धरा, पण गटारीला चिकटून चालू नका. कडेला खड्डे, वाळू, काचा असतात. त्या चुकवायला आपण अचानक आत येतो आणि मागची गाडी धडकते. कडेपासून दोन हात जागा सोडून सरळ रेषेत चाला. रस्त्याकडेला चारचाकी उभी असेल तर तिच्यापासूनही हातभर लांब, कारण दार कधी उघडेल सांगता येत नाही.

उलट्या बाजूनं जाऊ नका. "दोनच मिनिटांचं अंतर, कशाला वळसा घालायचा?" असं आपण म्हणतो. पण गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा माणूस उजवीकडून येणारी गाडी बघतो. डावीकडून कुणी येईल हे त्याच्या ध्यानातच नसतं. जायचंच असेल तर उतरा आणि सायकल हातात धरून कडेनं चाला. एकेरी रस्त्यालाही हेच. महाद्वार रोडसारख्या गर्दीच्या ठिकाणी हातात धरून चालणंच बरं, वेळही फारसा जात नाही.

लाल दिवा सायकललाही लाल. रेषेच्या अलीकडे थांबा, पण केएमटीची बस किंवा ट्रक उभा असेल तर त्याच्या डाव्या बगलेत जाऊन थांबू नका. ड्रायव्हर उंचावर बसलेला असतो, बगलेतली सायकल त्याला दिसत नाही. एक तर त्याच्या मागं थांबा, नाहीतर त्याला दिसेल इतकं पुढं.

वळायच्या आधी हात दाखवा. उजवीकडे जायचं तर उजवा हात सरळ बाहेर, डावीकडे जायचं तर डावा. हात दाखवण्याआधी मान वळवून मागं बघा. मान वळवली की सायकल त्याच बाजूला जाते, हा सगळ्यांचाच अनुभव. म्हणून मोकळ्या पटांगणावर याचा सराव करा. शाळेच्या मैदानात चुन्याची रेघ आखा आणि रेघ न सोडता मागं बघायला शिका.

उजवीकडे वळणं सगळ्यांत अवघड. ताराराणी चौक, दसरा चौक, सायबर चौक, अशा मोठ्या चौकांत रस्त्याच्या मधोमध जाऊन थांबू नका. सरळ पलीकडे जा, तिथं डाव्या कडेला थांबा, सायकल वळवून घ्या आणि त्या रस्त्याच्या गाड्या सुटल्या की त्यांच्याबरोबर निघा. ते जमणार नसेल तर उतरून झेब्रा पट्ट्यावरून चाला. यात कमीपणा काही नाही.

कानात इअरफोन नको. आपल्याला आरसा नसतो, मागचं सगळं कानानंच कळतं.

मुलाला दांडीवर किंवा कॅरेजला बसवत असाल तर त्याचा पाय चाकात जाणार नाही याची काळजी घ्या. ताऱ्यांत पाय अडकून घोट्याला मोठ्या जखमा होतात. सायकलच्या दुकानात चाकाला लावायची जाळी मिळते. तीच जाळी साडीचा काठ आणि ओढणीलाही अडवते. पदर कमरेला घट्ट खोचा, ओढणी पाठीमागं गाठ मारून बांधा.

ट्रॉली आणि महामार्ग

गळीत हंगामात आपल्या भागातले रस्ते उसाच्या गाड्यांनी भरतात. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर उसाचे भारे बाजूला आलेले, टेपवर मोठ्यानं गाणी, आणि कैक ट्रॉल्यांना मागं दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही.

ट्रॉली कशी वळते हे नीट ऐका. ट्रॅक्टरचं पुढचं चाक ज्या वाटेनं वळतं, त्या वाटेनं मागच्या ट्रॉलीचं चाक जात नाही. ते आतल्या बाजूनं, कोपरा कापत येतं. ट्रॉली जितकी लांब तितकी ती जास्त आत येते. म्हणजे ट्रॅक्टर आपल्याला ओलांडून पुढं गेला, आता धोका टळला असं वाटतं, आणि तेवढ्यात मागची ट्रॉली अंगावर येते. आमच्या ताईंचं हेच झालं. म्हणून फाटा किंवा तिकटी जवळ असेल आणि ट्रॅक्टर, ट्रक, बस शेजारी आली, तर पायडल मारणं थांबवा, वेग कमी करा, तिला पूर्ण पुढं जाऊ द्या. गरज पडली तर रस्ता सोडून खाली उतरा. ट्रॉलीला धरून ओढत जाणारी पोरं दिसतात, त्यांना आईच्या हक्कानं दटावा.

पुणे-बंगळूर महामार्गावर शिरोली, उचगाव, गोकुळ शिरगाव या बाजूंना जाताना जिथं सेवा रस्ता आहे तिथं तोच धरा. महामार्ग पार करायचा तर खालच्या बोगद्यातून किंवा ठरलेल्या जागेवरून. दुभाजकातली फट शोधून सायकल उचलून पलीकडे नेणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

पावसाळ्यात रस्त्यावर पाणी आलं असेल तर त्यात सायकल घालू नका. खाली खड्डा आहे की उघडं गटार, दिसत नाही.

अंधार

ताशी 60 किलोमीटर वेगानं येणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर अंतर कापते. ड्रायव्हरला आपण दिसलो, त्याच्या डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यातच एक-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी 20-25 मीटर पुढं आलेली असते. आपण जांभळी नाहीतर काळी साडी नेसून, दिव्याविना चाललो असलो, तर त्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आपल्याला गाडीचा उजेड दिसतो, म्हणून वाटतं की त्यालाही आपण दिसतोय. तसं नसतं.

म्हणून पुढं पांढरा दिवा, मागं लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर. हल्ली बॅटरीवरचे छोटे दिवे स्वस्तात मिळतात, डायनामो नसला तरी चालतं. पायडलला पिवळे रिफ्लेक्टर असतात, ते निघाले असतील तर बसवून घ्या. पाय वरखाली होताना ते हलतात आणि लांबूनच सायकल ओळखू येते. बुट्टी किंवा भारा मागच्या दिव्याला झाकत असेल, तर चमकणाऱ्या पट्टीचा तुकडा बुट्टीलाच चिकटवा. अंधाराच्या वेळी फिकट रंगाचं काही अंगावर असू द्या.

2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांत साडेचार हजारांहून जास्त सायकलवरची होती. एका दिव्यानं आणि एका पट्टीनं त्यातले काही जीव तरी वाचले असते.

सायकलची आणि डोक्याची काळजी

घरातून निघताना तीन गोष्टी बघा: हवा, ब्रेक आणि चेन. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढं ढकला. चाक फिरलं तर ब्रेकचं रबर झिजलंय. थांबताना दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबला की माणूस हँडलवरून पुढं पडतो. पावसात रबर ओलं असतं, म्हणून लवकर ब्रेक लावायला सुरुवात करा. सीटची उंची अशी ठेवा की थांबल्यावर पाय जमिनीला टेकला पाहिजे.

ओझं दोन्ही बाजूंना सारखं. एकाच हँडलला किटली अडकवली की सायकल त्या बाजूला ओढते. बुट्टी जुन्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधा आणि पट्टीचं टोक लोंबू देऊ नका, ते चाकात जातं.

हेल्मेटची सक्ती मोटरसायकलला आहे, सायकलला नाही. पण डांबराला डोकं आपटलं तर ते कुठल्या गाडीवरून आपटलं हे डांबराला काय कळतं? निदान कॉलेजच्या लेकीला तरी सायकलचं हलकं हेल्मेट घेऊन द्या.

अपघात झाला तर

हा भाग गटाच्या वहीत लिहून ठेवा.

आधी माणूस, मग बाकीचं. 108 ला फोन करून ॲम्ब्युलन्स मागवा, 112 ला पोलीस. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं हे धडक देणाऱ्या ड्रायव्हरचं काम आहे. जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूलाही कलम 134अ मध्ये संरक्षण आहे. मदत केली म्हणून तो अडकत नाही. त्यामुळं रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर पुढं व्हा.

गाडीचा नंबर लिहून घ्या. ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचाही. मोबाईलवर जागेचा, गाडीचा, सायकलचा फोटो काढा. बघणाऱ्या दोघा-तिघांची नावं आणि फोन नंबर घ्या.

दवाखान्यात "घरात पडले" असं सांगू नका. रस्त्यावर गाडीनं धडक दिली हे केसपेपरवर आलं पाहिजे. पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. ती मोफत मिळते.

उपचाराच्या पैशासाठी केंद्र सरकारची योजना मे 2025 मध्ये लागू झाली आहे. मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला नेमून दिलेल्या दवाखान्यांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. दवाखान्यात गेल्याबरोबर याची चौकशी करा.

प्रत्येक मोटार वाहनाला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. तो विमा आपल्यासारख्यांसाठीच असतो. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा. अपघात जिथं झाला तिथं किंवा आपण राहतो तिथं तो करता येतो. कायद्यानं मुदत सहा महिन्यांची आहे, म्हणून वेळ घालवू नका. आणि उशीर झालाच असेल तर आपल्या मनानं हात टेकू नका, आधी वकिलाला विचारा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसायचं कारण नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. कोल्हापूरला कसबा बावड्यात जिल्हा न्यायालय आहे, तिथं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची चौकशी करा.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरीही मदत आहे. 1 एप्रिल 2022 पासून अशा अपघातात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे द्यायचा.

आणि "मिटवून टाका" म्हणणाऱ्यांना सांगा, आधी डॉक्टर काय म्हणतात ते कळू दे. रस्त्यावर बसून कुणालाही हाताच्या हाडाची किंमत ठरवता येत नाही.

गट म्हणून काय करता येईल

एकटीनं करायच्या गोष्टी झाल्या. आता गटानं करायच्या. मासिक बैठकीला येताना सगळ्यांनी सायकली घेऊन या, पाच मिनिटं ब्रेक आणि दिवे तपासा. चमकणाऱ्या पट्टीचा एक रोल गटाच्या पैशातून आणा, सगळ्यांना पुरतो. गाळप सुरू व्हायच्या आधी कारखान्याला आणि वाहतूक शाखेला ग्रामपंचायतीमार्फत पत्र द्या की ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर बसवूनच गाड्या सोडाव्यात. फाट्यावरचा बंद दिवा आणि वळणावरची वाढलेली झुडपं हा विषय ग्रामसभेत मांडा. नुसता बोलू नका, ठरावात लिहून घ्या.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, त्यापेक्षा सायकलच नको. नाही बायांनो. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 नंतरच्या दोन-तीन वर्षांत साक्षरता मोहिमेबरोबर हजारो खेड्यातल्या बाया सायकल शिकल्या. पाणी आणणं, बाजार, दवाखाना, कशासाठीही कुणाची वाट बघायची गरज उरली नाही. आपल्या राज्यातही मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, कारण सायकल आली की शाळा सुटत नाही. सायकल सोडायची नाही. ती नीट चालवायची.

आमच्या ताईंचा हात आता बरा आहे. गेल्या महिन्यात त्या परत सायकलवर बसल्या. मागच्या बुट्टीला त्यांनी हातभर लांब चमकणारी पट्टी लावलीय. आणि विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारायचं आम्ही दोघींनी ठरवलंय. काय झालं ते पुढच्या वेळी सांगेन.

तोवर आज रात्री घरातल्या सायकलीचा मागचा रिफ्लेक्टर जाग्यावर आहे का, तेवढं बघा.